अ‍ॅस्परॅगसला मिरगाचा पाऊस सोसत नाही

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका शिवारात पोचलो, तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. दोन गुंठ्यांत अ‍ॅस्परॅगस या कोवळे कोंब खायच्या भाजीचे 300 गड्डे (लावणीचे मुळांचे जुडगे), मिरगाच्या पहिल्या पावसावर लावलेले. वर दिसणारे कोंब मोजले : 41. शेतमालक मामा बांधावरच उभे होते. "शतावर आमच्या कुंपणात पावसातच फुटते. खरं ही का कुजली वो?"

प्रश्न रास्त होता. दोन्ही एकाच वंशातल्या, पण स्वभाव वेगळे. शतावरी पावसाळ्याच्या चक्रात वाढलेली. अ‍ॅस्परॅगस थंडीत झोपणारी आणि निचऱ्याच्या वाळूसर जमिनीत रमणारी.

कुदळीनं चर उकरला. 20 सेंमी खोल चराच्या तळाशी बोटभर पाणी साठलेलं होतं. गड्ड्याची मांसल मुळं चिमटीत धरली की साल मोज्यासारखी निघून हातात येई आणि आत पांढरा धागा तेवढा उरे. वासही आंबूस. काही मुळं चिरली तर आत तांबूस-तपकिरी रेघा होत्या. ते फ्युजेरियम या बुरशीचं लक्षण. पण मूळ कारण बुरशी नव्हे. गड्डा साठ्यावर जगतो, पण नवी पांढरी मुळं फुटायला त्याला हवा लागते. तांबड्या चिकट मातीत खोदलेला चर पावसाळ्यात गटारच होतो. वाचलेले 41 पाहिले तर जवळजवळ सगळे वरच्या अंगाचे होते, जिथं सरीचं पाणी उताराला निघून जात होतं.

आपल्याकडे लावणीचा काळ म्हणजे स्वातीचा पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीपर्यंत. एप्रिलच्या उन्हाआधी मुळं बसतात आणि पुढच्या पावसापर्यंत लावणीला पाच ते सात महिने झालेले असतात. बियाण्यापासून करायचं तर बी 24 तास भिजवून ऑगस्टअखेर आडोशाला ट्रेमध्ये टाकावं. 25-30 अंशांत दोन-तीन आठवड्यांनी उगवतं आणि 10-12 आठवड्यांचं रोप नोव्हेंबरात शेतात जातं. मला हाच रस्ता जास्त पटतो, कारण लांबून आलेला गड्डा वाटेतच सुकलेला किंवा बुरसलेला असू शकतो.

जागा मात्र बदलावी, कुजलेल्या चरात पुन्हा लावू नये. मातीचा सामू (pH) 6.5 ते 7.5 हवा. आमची तांबडी माती बरेचदा आंबट निघते, तेव्हा परीक्षण करून त्या मात्रेनं चुना दोन महिने आधी मिसळायचा. गुंठ्याला 200 किलो कुजलेलं शेणखत, त्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मुरवून. ओळींत दीड मीटर, झाडांत 45 सेंमी. चराच्या तळाशी मातीची उंचवटी करून मुळं छत्रीसारखी पसरायची आणि वर 5-7 सेंमीच माती टाकायची. कोंब वाढतील तसा चर सहा-आठ आठवड्यांत भरत आणायचा, शेंडा कधी गाडायचा नाही. मे संपायच्या आत ओळीवर वरंबा चढलेला आणि मधली सरी उताराला मोकळी सोडलेली हवी. हे राहिलं तर नोव्हेंबरची लावणीही जुलैत कुजते.

पहिली दोन वर्षं कोंब तोडायचे नाहीत. तिसऱ्या वर्षी दुसरी अडचण येते. बेळगावात थंडीतही झाड पुरतं झोपत नाही, पाला हिरवाच राहतो. हिरवा पाला छाटला की मुळांचा साठा तुटतो. म्हणून डिसेंबरात चार-सहा आठवडे पाणी तोडायचं, पाला पिवळा पडला की जमिनीलगत कापायचा, मग शेणखत आणि पाणी. फेब्रुवारीत कोंब 18-20 सेंमीचे झाले की काढायचे. पहिल्या हंगामात दोन-तीन आठवडेच. ऊन तापायला लागलं की शेंडे लवकर उमलतात आणि कोंब बारीक येतात, मग थांबायचं.

त्या 41 झाडांचं काय करायचं, हे मामांनी निघताना विचारलं. पावसात हलवू नका म्हटलं. दोन्ही बाजूंनी 30 सेंमी खोल पाट काढा, पाणी बाहेर जाऊ द्या. डिसेंबरात जिवंत असतील ती मुळांच्या गोळ्यासकट वरच्या तुकड्यात न्या.