तुम्ही विचारलंत म्हणून: ओरिजनल सोडून डुप्लिकेट का जमवता?

गिरगावातल्या आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं आणि कपाटातले जुने कॉम्प्युटर पाहिले, की हा प्रश्न येतोच. ओरिजनल झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ब्रिटनचा एक जुना घरगुती कॉम्प्युटर, शोधला तर आजही मिळतो. मग रशिया, स्लोव्हाकिया, ब्राझीलमधले त्याचे बिनपरवाना भाऊबंद कशाला? भाचीने तर सरळच विचारलं, "मामा, खोट्या वस्तू कुणी एवढ्या जपून ठेवतं का?" तिला तेव्हा थोडक्यात सांगितलं, इथे नीट सांगतो.

स्पेक्ट्रम १९८२च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये आला. कंपनी क्लाइव्ह सिंक्लेअर यांची. हार्डवेअर रिचर्ड अल्टवॉसर यांचं, आतलं बेसिक (प्रोग्राम लिहायची सोपी भाषा) स्टीव्ह व्हिकर्स यांचं, बाह्यरूप रिक डिकिन्सन यांचं. झेड८० प्रोसेसर, १६ किंवा ४८ किलोबाइट रॅम, रबरी बटणं. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि प्रोग्राम ठेवायला साधा कॅसेट रेकॉर्डर. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. एवढ्या स्वस्तात हे जमलं त्यात मोठा वाटा एका काळ्या चिपचा, फेरांटी कंपनीने बनवलेल्या यूएलएचा. टीव्हीवरचं चित्र, कीबोर्ड, कॅसेट, आवाज, सगळं ती एकटी सांभाळते. झेड८० आणि रॅम इतरांनाही मिळवता येत होत्या. यूएलए मात्र सिंक्लेअरसाठीच बनलेली, ती दुकानात मिळायची नाही. म्हणजे नक्कल करायची तर त्या बंद चिपच्या आत काय चालतं हे बाहेरून ओळखायचं आणि तेच काम हाताशी असलेल्या सुट्या भागांतून उभं करायचं. माझ्या संग्रहाचं मूळ इथे आहे.

माझ्याकडचा 'लेनिनग्राद' बोर्ड टेबलावर ठेवला की हे डोळ्यांना दिसतं. सर्गेई झोनोव यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याची आखणी केली. यूएलए नाहीच, बोर्डभर चाळीसेक साध्या सोव्हिएत चिप्सच्या रांगा, रशियन अक्षरांत छापलेल्या. एका कडेला रॅमच्या आठ चिप्स, प्रत्येकी ६४ किलोबिटच्या. मिळून ६४ किलोबाइट होतात, त्यातले १६ रॉमखाली, म्हणजे बेसिक कायमचं साठवलेल्या चिपखाली, झाकले जातात आणि उरतात ते ४८. बाकीच्या चिप्सवरून बोट फिरवत गेलं तर चित्र कसं तयार होतं ते अख्खं वाचता येतं. या काउंटरच्या चिप्स ठिपके आणि ओळी मोजतात. त्यांच्याच आकड्यांवरून मेमरीतला पत्ता ठरतो आणि टीव्हीला लागणारे सिंकचे ठोके निघतात. ही चिप एका बाइटमधले आठ ठिपके घेते आणि एकेक करून पुढे सोडते. ही तिच्या शेजारची प्रत्येक ठिपक्याला शाईचा (अक्षराचा) रंग द्यायचा की कागदाचा (मागचा), ते निवडते. मूळ मशीनमध्ये हे सगळं एका काळ्या तुकड्यात बंद आहे. लेनिनग्रादमध्ये ते उघड्यावर मांडलंय आणि मांडणाऱ्याला त्याचा कण न् कण समजला होता. न समजता असा बोर्ड चालूच होणार नाही.

म्हणून मी यांना खोटं म्हणत नाही.

आणि जिथे नक्कल मुळाहून वेगळी पडते, तिथे तर मला जास्त रस. स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावचा 'डिडाक्टिक एम' घ्या. त्यात मूळ यूएलएऐवजी रशियन चिप आहे, आणि तिच्यामुळे चित्राचा चौकोन आडवा न राहता जवळपास समचौरस होतो. बेसिकमध्ये एका ओळीत वर्तुळ काढायला सांगितलं की पडद्यावर उभट अंडाकृती उमटते. ब्राझीलचा 'टीके९०एक्स' १९८५चा, मायक्रोडिजिटल कंपनीचा. तिकडच्या टीव्हीसाठी तो पाल-एम पद्धतीने, सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. आपल्याकडच्या जुन्या पाल टीव्हीने ते पकडलं तरी रंग येत नाहीत, सगळं काळंपांढरं. पण त्यांनी रॉममध्ये स्वतःच्या आज्ञाही घातल्या, त्यातली एक खास पोर्तुगीज आणि स्पॅनिश अक्षरांसाठी. याला नुसती उचलेगिरी म्हणायला माझं मन धजत नाही.

सगळ्यात लाडका 'पेंटागॉन', तोही रशियातलाच. मूळ स्पेक्ट्रममध्ये यूएलए चित्र काढत असताना प्रोसेसरने त्याच भागातली मेमरी मागितली तर त्याला थांबवलं जातं. पेंटागॉनमध्ये ही थांबाथांब नाही. शिवाय मूळ मशीन एका चित्रात ३१२ ओळी काढतं, पेंटागॉन ३२०. म्हणजे प्रत्येक चित्रामागे प्रोसेसरच्या घड्याळाचे ६९,८८८ ऐवजी ७१,६८० ठोके. ऐकायला किरकोळ वाटतं. पण रशियातल्या पोरांनी याच वेळेवर बेतून असे डेमो (चित्र-संगीतातून कसब दाखवणारे प्रोग्राम) लिहिले, की त्यातले कित्येक मूळ मशीनवर विस्कटतात. तिथे मोठ्या समुदायासाठी पेंटागॉन हेच प्रमाण झालं आणि ब्रिटनचा स्पेक्ट्रम निराळा ठरला.

"पण ही चोरीच ना?" हाही प्रश्न येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. सोव्हिएत गटातल्या देशांवर निर्यातीचे निर्बंध होते, परकीय चलनाची चणचण होती. ज्याला मशीन विकत मिळणारच नव्हतं त्याने डोकं लढवून स्वतः सर्किट घडवलं, तर ते मला कष्टाचं काम वाटतं. १६ किलोबाइटची रॉम जशीच्या तशी उतरवणं वेगळं. ते व्हिकर्स यांचं लेखन होतं आणि त्याचं देणं बुडालं, हे स्पष्ट म्हणायला हवं. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीकडे गेले. १९९९मध्ये त्यांनी इम्युलेटरसोबत (आजच्या कॉम्प्युटरवर जुनं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामसोबत) या रॉम वाटायला परवानगी दिली, हा त्यांचा मोठेपणा. पण म्हणून आधीचं सगळं आपोआप रीतसर ठरत नाही.

मुंबईत ही मशीन्स सांभाळणं मात्र नेटाचं काम आहे. गिरगावची खारी हवा आणि जुलैतली ओल यांनी सॉकेटच्या पायांना गंज चढतो. पावसाळ्यात एकेक मशीन काढून थोडा वेळ चालवायचं, पाय साफ करायचे, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या. सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड आहेच. सोव्हिएत रॅमची चिप गेली तर तिच्या जागी ४१६४ नावाची चिप चालते आणि ती अजून एखाद्या दुकानाच्या जुन्या मालात सापडते. टीव्हीची अडचण मोठी. या नकलांपैकी बऱ्याच आरजीबी सिग्नल (लाल, हिरवा, निळा असे सुटे रंग) देतात आणि युरोपातल्यासारखं त्याचं सॉकेट आपल्या टीव्हींना सहसा नसतं. त्यासाठी मध्ये या रंगांचं कंपोझिट, म्हणजे एकाच तारेतून जाणारा सिग्नल, करणारं छोटं सर्किट लावलंय.

आपल्याकडे असं काही झालं का, हे विचारणारेही बरेच. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६मध्ये 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला, पण तो रीतसर परवान्याने. त्याबद्दल मला आदर आहे. मात्र परवाना हातात असताना यूएलएचं कोडं नव्याने सोडवायची वेळ कुणावर आली नाही, त्यामुळे माझ्या शोधात तो बसत नाही. मला हवाय तो इथे कुणीतरी हाताने जुळवलेला बोर्ड. तुमच्या काकांनी, मामांनी कॉलेजात असताना झेड८० घेऊन टीव्हीवर चित्र आणणारं काही केलं असेल आणि ते माळ्यावर पडलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला एकदा दाखवा.