690 अधिक 610

माझं काम काय, हे आईला आजतागायत सांगता येत नाही. "पर्यावरणाचं काहीतरी करते" म्हणते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मी झाडं लावते. मी अहवाल वाचते. पर्यावरण आघात मूल्यांकनाचे, सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे. जाडजूड, निम्मे एकमेकांवरून उतरवलेले. एकात तर गावाचं नाव भलत्याच जिल्ह्यातलं राहून गेलं होतं.

ऐरोलीजवळच्या एका प्रकल्पाच्या अहवालात मी एका तक्त्यापाशी अडकले. खारफुटीचे दोन तुकडे: 690 चौरस मीटर आणि 610. खारफुटी 1000 चौरस मीटरच्या वर गेली की भोवती 50 मीटरचा पट्टा राखावा लागतो. खासगी जमिनीला 2019च्या सीआरझेड अधिसूचनेने यातून सूट दिलीय, पण ही जमीन सरकारी. दोन्ही तुकडे हजाराच्या आत, म्हणजे पट्टा नको. नकाशात मधून एक बारीक रेघ. ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे खरी, पण असल्या कडेच्या तुकड्यांचा निकाल तक्त्यातच लागतो.

अमावास्येच्या उधाणाला दिवा कोळीवाड्यातल्या एका काकांना घेऊन तिथे गेले. रेघ म्हणजे डेब्रिजचा कच्चा रस्ता निघाला. विटा, फुटक्या टाइल्स, एक आख्खा कमोड.

"हा कधी पडला, काका?"

"दोन पावसाळे झाले, बाय. पानी इचारतंय का त्याला?"

भरती चढू लागली. आधी तिवरांच्या पेन्सिलीसारख्या मुळ्या बुडाल्या. निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, टुणटुण उड्या मारत वर सरकल्या. मग भरावाच्या फटींतून बुडबुडे आले आणि पलीकडच्या तुकड्यात गढूळ पाणी पसरलं. उधाणाचं पाणी जिथवर पोचतं ती भरतीरेषा, ही व्याख्या मी कितीदा टिपणांत उतरवली असेल. त्या दिवशी ती बुटात शिरली.

ऑफिसात जुनं उपग्रहचित्र काढलं. रस्ता नाही, हिरवा डाग एकच. वेळेसकट फोटो लावून चार पानी टिपण पाठवलं. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपनीतून फोन आला, "मॅडम, आम्ही सध्याची स्थिती दाखवलीय. रस्ता तर आहेच ना?"

आहेच. म्हणून टिपणात एक ओळ वाढवली: तो कोणी, कुठल्या परवानगीने टाकला? तिचं उत्तर अजून आलेलं नाही.