तिसरा

'मांजर डोळे मिटून दूध पितं' हे मी आजवर टोमणा म्हणूनच ऐकलं होतं. बुटांच्या खोक्यातून घरी आलेल्या तिन्ही पिल्लांना मात्र दुसरा इलाजच नव्हता. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटाला नाळेचा वाळका तुकडा. म्हणजे वय दोन-तीन दिवस. आई गाडीखाली गेलेली. भटक्या प्राण्यांचं काम करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "आपलं आपण खायला लागेपर्यंत सांभाळशील?" मी हो म्हणाले. दर दोन तासांनी दूध पाजायचं, रात्रीसुद्धा, हे तिने मी हो म्हटल्यावर सांगितलं.

मी लगबगीने दूध तापवायला निघाले, तर ती फोनवर ओरडलीच. आधी ऊब. एवढ्या लहान पिल्लांना अंगातली ऊब राखता येत नाही, आणि गारठलेल्या पिल्लाला पाजलेलं दूध पचत नाही. मग गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवली. दुसरी कड मोकळी, म्हणजे उकडलं तर तिकडे सरकता येईल. दूधही गाईचं नाही. ते सोसत नाही, जुलाब होतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवात जुलाबाला पुरेल एवढं पाणी असतं कुठे! मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवायची.

पहिलं पिल्लू मी तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं. चूक. पिल्लाला पालथंच पाजायचं, आईच्या कुशीत असतं तसं. उताणं पाजलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. तोंडात बाटलीचं बूच गेलं आणि पुढचे दोन्ही पंजे हवेत कणीक मळायला लागले. बूच ओढायचा जोर एवढा की माझ्या बोटांना तो जाणवत होता.

पाजून झालं की खरं काम. या वयात पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते, तेव्हा होते. आमच्याकडे आईच्या जिभेच्या जागी कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. तीन पिल्लं, तीन बोळे, दिवसातून दहा-बारा वेळा. पिल्लांना बाटलीने पाजतानाचे फोटो सगळे टाकतात, बोळ्याचे कुणी टाकत नाही. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आपलं कितवं गं?"

नावं ठेवायची नाहीत असं मी ठरवलं होतं. द्यायचीच आहेत, कशाला जीव गुंतवा. पण वही लिहायची तर काहीतरी म्हणावं लागतंच. शेपटीला वाक होता ती 'शेपटी', एक नख पांढरं होतं ती 'नख', आणि ज्याला काहीच खूण नव्हती तो 'तिसरा'. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवायची, वाटीत पिल्लू. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवेत. शेपटी १२, नख १४. तिसरा ६. मग एका सकाळी तिसरा उणे ४.

चार ग्रॅम म्हणजे लहान चमचाभरही मीठ नाही. इतर कुठल्याही गोष्टीत मी चार ग्रॅमची दखल घेतली नसती. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, थोडं थोडं पण लवकर लवकर पाजा. त्या रात्री तासाला गजर होता. नवरा बूच धरायचा, मी दोन बोटांनी तिसऱ्याची पाठ चोळायची, जागा राहावा म्हणून. तो दोन घोट घ्यायचा आणि झोपायचा. पहाटे काट्यावर ठेवला तर आकडा हलतच होता, कारण वाटीतला ऐवज चक्क चालायला निघाला होता. स्थिरावल्यावर अधिक ३. आम्ही दोघं त्या तिनावर एवढे खूश झालो की सासूबाई उठून आल्या.

दहाव्या दिवशी त्याचा एकच डोळा उघडला. निळा, धुरकट. त्याने मला त्या एका डोळ्याने बघितलं आणि परत मिटला. दुसरा उघडायला आणखी दोन दिवस घेतले. त्यापुढचं सगळं भराभर झालं. महिन्याची झाल्यावर ताटलीत मऊ खाणं दिलं, तर तिघंही आधी ताटलीत उभी राहिली. वाळूचा ट्रे मात्र न शिकवता कळला. बोळे बंद झाले याचा आनंद मी लपवला नाही.

मैत्रिणीचा एक राग मला आता पाठ आहे: आई शिकारीला गेलेली असते आणि लोक पिल्लं अनाथ समजून उचलून आणतात. दुरून काही तास वाट बघायला काय जातं? आमच्या तिघांची आई येणारच नव्हती, ती गोष्ट वेगळी.

आठ आठवड्यांनी शेपटी आणि नख जोडीने एका घरी गेल्या. तिसऱ्याला न्यायला एक आजोबा आले. त्यांनी नाव विचारलं. नाव नाहीये, असं मी सांगत होते, तेवढ्यात नवरा सवयीने "तिसऱ्या!" म्हणाला आणि सोफ्याखालून तो शेपूट ताठ करून बाहेर आला.

आता तो त्या घरातलं एकुलतं एक मांजर आहे. लसीच्या कार्डावर नाव लिहिलंय, तिसरा. पहिले दोन कुठे आहेत, असं प्रत्येक पाहुणा विचारतो म्हणे.