गप्प राहणाऱ्याला दीक्षा

वसई, रविवार, १२ जानेवारी २०२५

इटलीच्या कॅथलिक बिशपांनी सेमिनरींसाठी, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थांसाठी, नवी नियमावली काढली आहे. तीन वर्षं प्रायोगिक, व्हॅटिकनच्या मंजुरीसह. आज मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर तिचाच विषय. "आता समलिंगी मुलगापण फादर होणार," म्हणे.

घरी येऊन वाचलं तर तसं सरळ काही नाही. व्हॅटिकनचा २००५ चा नियम कायम: समलिंगी संबंध ठेवणारे, तसा 'खोलवर रुजलेला' कल असणारे, 'गे संस्कृती'ला पाठिंबा देणारे, यांना प्रवेश नाही. फक्त पुढे भर घातलीय की पारख करताना या एकाच गोष्टीवर अडू नका, मुलाचं सगळं व्यक्तिमत्त्व बघा, ब्रह्मचर्य तो मनापासून स्वीकारतोय का ते बघा. म्हणजे दार लोटलेलं, कडी घालायची की नाही ते रेक्टरनी, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखांनी, ठरवायचं.

आपल्या लॅटिन परंपरेत फादरांना लग्न नाहीच, कल कुठलाही असो. कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा ग्रंथ, समलिंगी माणसाला शुद्ध जीवन जगायला सांगतो. तो जन्मभर तसं राहायला तयार झाला, तर त्यालाच नको म्हणायचं? यावर २००५ च्या कागदाचं म्हणणं असं की नुसता संयम पुरत नाही. स्त्री-पुरुष दोघांशी नीट नातं जोडणारी भावनिक परिपक्वता हवी, तरच आध्यात्मिक पितृत्व येतं. हे मी हसण्यावारी नेत नाही. पण अपरिपक्व फादर आपण काय कमी पाहिलेत? ते सगळे समलिंगी होते का?

चर्चबाहेर कुणीतरी फादरांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचं काढलंच. अमेरिकन बिशपांनीच करून घेतलेल्या जॉन जे कॉलेजच्या अभ्यासात, २०११ साली, समलिंगी धर्मगुरूंकडून तो धोका जास्त असतो याला आधार मिळाला नव्हता. सांगितलं. ऐकतं कोण!

पोप फ्रान्सिस यांचाही कधी अंदाज लागला नाही. २०१३ मध्ये समलिंगी धर्मगुरूंबद्दल "न्याय करणारा मी कोण?", २०१८ मध्ये शंका असेल तर घेऊच नका, गेल्या मे महिन्यात बंद खोलीत समलिंगींबद्दल अपशब्द आणि मग माफी. डिसेंबरात कार्डिनल केलं ते टिमथी रॅडक्लिफ या ब्रिटिश धर्मगुरूंना, ज्यांनी २००५ मध्येच समलिंगी धर्मगुरूंची बाजू घेतली होती.

२००५ च्याच कागदात आणखी एक वाक्य आहे: फादर होण्याच्या दीक्षेसाठी आपला कल लपवणं हा गंभीर अप्रामाणिकपणा. मग जो खरं सांगतो त्याला घरी पाठवायचं, आणि गप्प राहिला त्याला दीक्षा?

नवी भर तरी इटलीपुरतीच. आपल्या सेमिनरींत अजून २००५ चंच चालू.