सही कोणी करायची?

दहा तारखेला बँकेत स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे कारखान्यातल्या मालाचा हिशेब, द्यायचं होतं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या त्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून कापणाऱ्या कारखान्यात, रुजू होऊन मला काहीच आठवडे झाले होते. मालकांची बायपास झालेली, प्लँट हेड नोकरी सोडून गेलेले, आणि मालकांची मुलगी, म्हणजे ताई, अकाउंट्स आणि कारखाना दोन्ही एकटी ओढत होती. नवा माणूस मिळेपर्यंत सहा महिने कारखाना चालवायचा, एवढ्यासाठी मला इंटरिम मॅनेजर म्हणून घेतलं होतं. सल्लागार अहवाल देऊन जातो. या कामात रोज सह्या कराव्या लागतात, डिस्पॅचच्या, खरेदीच्या आणि बँकेच्या कागदांच्यासुद्धा.

ताईंनी कागद समोर ठेवला. प्रक्रियेतल्या मालाचा आकडा 40 लाखांच्या आसपास होता. एवढा माल शॉपमध्ये फिरताना मला कधी दिसला नव्हता. म्हटलं, चला, बघून येऊ.

टूलरूमच्या मागे पत्र्याच्या शेडखाली जाळीचे बिन एकावर एक रचलेले होते. प्रत्येकाला पिवळा टॅग, त्यावर ‘रिवर्क’, म्हणजे दुरुस्त करून वापरायचा माल. फोरमनना तिथे सगळे मामा म्हणतात. त्यांनी एक ब्रॅकेट काढून माझ्या हातात दिलं. कडेला बोट कापेल इतकी बर (कापताना राहिलेली धारदार कड), भोकाचं माप तपासायचा गो गेज आत जातच नव्हता, वर गंज चढलेला. टॅगवरची तारीख मागच्या पावसाळ्यातली.

“मामा, हे रिवर्क होणार?”

“कसलं होतंय साहेब! पण भंगारात टाकायचं तर कागदावर कोणीतरी लिहून द्यायला पाहिजे ना.”

कोणी चोर नव्हतं. आधीच्या प्लँट हेडना रिजेक्शनचा टक्का वाढलेला दाखवायचा नव्हता, मामांना ठपका नको होता, आणि आजारी वडिलांना हे सांगायचं ताईंच्या जिवावर येत होतं. पण बँक सीसी लिमिटमधली, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जातली, उचल ठरवते ती याच कागदावरून. स्टॉकमधून देणी वजा, मग साधारण 25 टक्के मार्जिन, वर ग्राहकांकडची येणी. म्हणजे या गंजलेल्या ब्रॅकेटांवर आपण कर्ज उचलत होतो.

“सर, या महिन्यात जाऊ द्या. बाबांना बरं वाटलं की बघू,” ताई म्हणाल्या.

मी सही करायला नकार दिला. मला पुढच्या वर्षी त्या खुर्चीत बसायचं नव्हतं, बढती नको होती, कोणाशी जुनं देणंघेणं नव्हतं. वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्या माणसाला जे बोलणं महागात पडतं ते हंगामी माणूस बोलू शकतो, आणि माझ्या मते त्याची फी त्यासाठीच द्यायची असते.

संध्याकाळी ताई आणि मी मालकांकडे गेलो. मालकांनी आकडा ऐकला आणि एकच विचारलं, “यातला माझ्या काळातला किती?” अर्ध्याहून जास्त, मी सांगितलं. ते मुलीकडे वळून म्हणाले, “काढून टाक सगळं.”

दुसऱ्या दिवशी सुधारलेलं स्टेटमेंट घेऊन आम्ही स्वतःच शाखेत गेलो. उचल कमी झाली, आणि कॉइल (पत्र्याची गुंडाळी) पुरवणाऱ्याचं पेमेंट तोंडावर आलेलं. मग येण्यांकडे वळलो. मोठ्या ग्राहकाकडची बिलं तीन-तीन महिने अडकलेली. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंतही थकवले तर 2023-24 पासून आयकरात त्या वर्षी त्या खर्चाची वजावटही मिळत नाही. सातपूर-अंबडच्या बहुतेक छोट्या कारखानदारांना हे पाठ असतं, पण ऑर्डर जाईल म्हणून ग्राहकाला फोन कोणी करत नाही. तो फोन मी केला. ग्राहक ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदलेला होताच. आमची बिलं त्यांनी तिथे स्वीकारली, आणि ती वटवून कॉइलचे पैसे भागले.

रिजेक्शनचं मूळ मामांच्या खिशातल्या डायरीत सापडलं. कोणता पंच (भोक पाडणारं हत्यार) प्रेसच्या किती स्ट्रोकनंतर बोथट होतो, ते त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. कोणी विचारलंच नव्हतं. प्रेसवर काउंटर बसवले, ग्राइंडिंगचं वेळापत्रक त्या डायरीवरून केलं, आणि रिजेक्शन नोटवर सही करण्याचा अधिकार मामांना लेखी दिला. पहिली नोट लिहिताना त्यांनी मला तीनदा विचारलं, “नक्की ना साहेब?” दुसरीच्या वेळी विचारलं नाही.

हे सगळीकडे जमत नाही. मालकाला फक्त खापर फोडायला माणूस हवा असेल किंवा चेकबुक उशाखालीच ठेवायचं असेल, तर इंटरिम मॅनेजर आणून पैसे वाया जातात. अशी कामं मी पहिल्या भेटीतच सोडतो. इथे मालकांनी अंथरुणावरून सगळे अधिकार लेखी दिले, म्हणून पुढचं घडलं.

नवे प्लँट हेड सिन्नरच्या एका कारखान्यातून आले. त्यांच्या निवडीच्या मुलाखतीत ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो रिजेक्शन नोटांचाच, आणि उत्तर पटल्यावरच पगाराचं बोलणं सुरू केलं.