सात ते चार ठिपके, रोज वीस मिनिटं

ठिपक्यांच्या रांगोळीचं महिनाभर एकच माप ठेवा. मधल्या ओळीत ७ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत ४ पर्यंत, म्हणजे एकूण ३७. हे माप सणाच्या रांगोळीचं नाही. रोज सकाळी वीस मिनिटं हात आणि मन एका जागी बसावं, एवढ्यासाठी ते आहे. रोज नवं माप, नवे रंग घेतले की वेळ निवडण्यातच जातो आणि चार दिवसांत सगळं सुटतं. रंग नकोतच, पांढरी पुरे.

जागा झाडून गेरूचं सारवण करा. गेरू ताकाइतका पातळ हवा. दाट झाला तर वाळल्यावर पोपडे निघतात. तो पूर्ण वाळू द्या. ओल्यावर रेघ टाकली की पूड पाणी ओढते आणि रेघ मळकट दिसते. गुळगुळीत फरशीवर गेरू नीट धरत नाही, तिथे कडाप्प्याचा तुकडा घ्या. काळ्यावर पांढरं तसंच उठून दिसतं.

ठिपक्यांचा कागद घरीच करा. जाड कागदावर ठिपके आखून पेटत्या उदबत्तीने भोकं पाडायची. एका ओळीतल्या दोन ठिपक्यांत ४ सेंमी अंतर ठेवलंत, तर दोन ओळींत साधारण साडेतीन ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. दोन्हीकडे ४ ठेवले की आकृती उभी ताणली जाते आणि पाकळ्या एकसारख्या येत नाहीत. या मापात रांगोळी २४ सेंमी रुंद होते, बसल्या जागेवरून हात पोचतो, पदर किंवा ओढणी फिरत नाही.

पूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. चिमूट जमिनीपासून बोटभर वर असू द्या. फार वर गेली तर रेघ पसरते, टेकली तर तुटते. पावसाळ्यात पूड दमट होऊन गोळ्या सुटतात. तव्यावर जरा गरम करून, गार झाल्यावर चाळून घ्या. कमरेत वाकून काढू नका, बुटक्या पाटावर बसा. गुडघे दुखत असतील तर कडाप्पा टेबलावर ठेवून काढली तरी चालते.

रेघ ओढताना बहुतेकजण नकळत श्वास रोखतात आणि खांदे वर चढतात. म्हणून लांब रेघ श्वास सोडत ओढा. श्वास संपला की थांबा, नवी चिमूट घ्या. फोन घरात राहू द्या.

आता मुख्य गोष्ट. रेघ चुकली तर पुसू नका. ३७ ठिपक्यांच्या या आकृतीला सहा बाजू आहेत. चुकलेली रेघ उरलेल्या पाच बाजूंना तशीच काढा. पाकळी वाकडी गेली असेल तर सहाही वाकड्या काढा. पुष्कळदा यातूनच कागदावर बसून सुचला नसता असा नमुना निघतो, आणि चुकण्याची धास्तीही कमी होते. एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही, तर मधला ठिपका रिकामा सोडून त्याच्या भोवतीच्या सहांपासून सुरुवात करा.

वीस मिनिटं झाली की हळद-कुंकवाची चिमूट टाकून उठा, अर्धी राहिली तरी. नमुना आवडला असेल तर वहीत पेन्सिलने उतरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी कालची रांगोळी आधी कोरड्या कुंच्याने झाडा, मगच पाणी लावा. नाहीतर पुडीचा चिखल गेरूत मिसळतो.