तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीत तालीम कुठं शोधायची

दर दोन-तीन आठवड्यांनी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "दादा, आम्ही स्टुटगार्टला शिफ्ट होतोय, मुलाचा पुण्यात कराटेचा ब्राऊन बेल्ट झालाय, तिकडं चांगला क्लास कुठला?" नाहीतर मास्टर्सला आलेलं एखादं पोरगं विचारतं, "खरं शिकवतात असं ठिकाण सांगा, पैसे वाया नको जायला." आजवर प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगत आलोय, आता एकदा बसून सगळं लिहितो.

मी कोल्हापूरचा. लहानपणी सहा वर्षं तालमीत जात होतो, पहाटे जोर-बैठका, मग मातीच्या हौद्यात उतरायचं, वस्ताद काठावर बसून नुसतं "परत" म्हणायचे. दहावीनंतर ते सुटलं, मग इंजिनिअरिंग, पुण्यातली नोकरी, आणि 33 व्या वर्षी गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या कामावर इकडं स्टुटगार्टजवळच्या एका गावात आलो. पहिल्या हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडायचा, ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस, अंग पार आखडून गेलेलं. तेव्हा वाटलं की परत काहीतरी सुरू करायला पाहिजे.

सुरुवातीला जे केलं ते तुम्ही करू नका म्हणून सांगतो. स्टेशनजवळ एक मोठा मार्शल आर्ट्सचा स्टुडिओ होता, काचेचा दर्शनी भाग, आत ढाली-तलवारी लावलेल्या, रिसेप्शनला कॉफी मशीन. महिन्याला 70 युरो आणि एक वर्षाचा करार, मी तिथंच सही केली. चार महिने गेलो. त्या चार महिन्यांत एकदाही समोरच्या माणसाने खरा जोर लावला नाही हो, मी मनगट धरायचं, त्याने फिरवायचं, मी पडायचं, मग उलट. दर दोन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, पट्ट्याचा रंग नवा. आमच्याकडं याला नुरा कुस्ती म्हणतात, आधी ठरवून खेळलेली. पैसे गेले त्याहून चार महिने गेले याचं जास्त वाईट वाटलं. (कायद्याचं एक सांगून ठेवतो: 1 मार्च 2022 पासून केलेले असे करार मुदत संपल्यावर आपोआप आणखी वर्षभरासाठी वाढवता येत नाहीत, नंतर कधीही एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतात. पण पहिली मुदत तुम्हाला बांधून ठेवतेच, ती दोन वर्षांपर्यंतही असू शकते, म्हणून सही करण्याआधी ती ओळ वाचा.)

मग एक दिवस बेकरीच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला, शनिवारी संध्याकाळी रिंगन. रिंगन म्हणजे कुस्ती. गेलो बघायला. शाळेचा हॉल, मध्ये गादी, बाजूला सॉसेजचा स्टॉल, म्हाताऱ्या बायका पहिल्या रांगेत बसून ओरडतायत, लहान पोरं गादीच्या कडेला लोळतायत, आणि चितपट झाली की अख्खा हॉल उभा. मला एकदम कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान आठवलं. खरं सांगतो, डोळे भरून आले.

आपल्याकडं फार जणांना माहीत नाही पण दक्षिण-पश्चिम जर्मनीत, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, गावोगावी कुस्तीचे क्लब आहेत आणि ते जुने आहेत. शेजारच्या राज्यातल्या माइन्झच्या क्लबच्या नावातच 88 आहे, म्हणजे 1888 साल, आपल्या खासबागच्याही 24 वर्षं आधीचं. फुटबॉलसारखी कुस्तीचीसुद्धा बुंडेसलीगा, म्हणजे देशपातळीवरची लीग, असते, दोन्ही संघांचे दहा-दहा पैलवान एकामागून एक लढतात. तीन वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला फ्रांक श्टेब्लर (2015, 2017 आणि 2018, तिन्ही वेळा वेगळ्या वजनगटात) इथल्याच मुसबर्गचा, स्टुटगार्टच्या कुशीतलं गाव. म्हणजे मी ज्या रस्त्याने रोज ऑफिसला जायचो तिथं ही तालीम होती आणि मी स्टेशनजवळच्या काचेत शोधत बसलेलो.

तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एका शब्दात आहे, फेराइन. क्लब म्हणजेच, पण नोंदणी केलेली संस्था, नावाच्या शेवटी ए. फाउ. अशी दोन अक्षरं असतात. सात माणसं एकत्र आली की ती नोंदता येते. मालक कुणी नसतो, सभासदच मालक, वर्षातून एकदा सभा होते, हिशेब सगळ्यांपुढं वाचला जातो. ट्रेनर बहुतेक आपापली नोकरी करून संध्याकाळी येतात, आमचा ट्रेनर दिवसभर सुतारकाम करतो. क्लबने मानधन दिलं तर ठराविक रकमेपर्यंत त्यावर कर नाही, 2021 मध्ये ती मर्यादा वर्षाला 3000 युरो झाली, म्हणजे यावर कुणाचं घर चालत नाही. म्हणूनच तुम्हाला दर दोन महिन्यांनी नवा पट्टा विकायची त्याला गरजही नाही. आणि कुणीही उठून शिकवतं असंही नाही, ट्रेनरच्या सगळ्यात खालच्या सी लायसन्सलासुद्धा 120 तासिकांचं प्रशिक्षण लागतं. आमच्या क्लबची फी मोठ्या माणसाला वर्षाला 110 युरो आहे. वर्षाला. स्टुडिओत तेवढ्यात दोन महिनेही निघत नव्हते.

ज्युडो, कराटे, बॉक्सिंग, सगळ्याचे फेराइन असतात, गावाच्या नावापुढं तो शब्द टाकून शोधा. कुस्तीचे क्लब शोधताना एक अडचण आहे, नावात कुस्ती असेलच असं नाही, केएसव्ही किंवा एएसव्ही (ताकदीच्या खेळांचा क्लब अशा अर्थाची अक्षरं) असं काहीतरी असतं, ते बघा. विद्यार्थी असाल तर आधी युनिव्हर्सिटीचा होखशूलश्पोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचे खेळाचे वर्ग, बघा, सेमिस्टरची फी अगदी कमी असते, फक्त नोंदणी उघडली की पटकन करा, जागा भराभर जातात.

आता उरलेलं अर्धं. सगळे फेराइन चांगलेच असतात असं मी म्हणणार नाही, आणि सगळे स्टुडिओ वाईट असंही नाही. ओळखायचं कसं तर प्रोबेट्रेनिंगला जा, म्हणजे एक-दोन वेळा फुकट करून बघायचं, ते जवळजवळ सगळीकडं देतात. आणि तिथं गेल्यावर ट्रेनर काय करून दाखवतो ते बघू नका. नवीन माणसाचं पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते बघा.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्या मंगळवारी मला एका साठीच्या माणसाबरोबर लावलं, दोन्ही कान मोडलेले, पंजा म्हणजे फावडं. मी सवयीने खाली वाकून पट काढायला, म्हणजे पाय धरायला गेलो, त्याने मला थांबवलं आणि कमरेवर हात ठेवून दाखवलं, याच्या खाली नाही. त्या दिवशी ग्रीको-रोमन होतं, त्यात पाय धरायचा नसतो. मग त्याने मला कवेत घेऊन उचललं आणि टाकलं. पडताना मला जाणवलं की त्याचा डावा हात माझ्या मानेमागं आहे. माझं डोकं गादीला लागायच्या आधी त्याचा तळहात लागला. जवळजवळ वीस वर्षांनी कुणीतरी मला टाकत होतं आणि माझ्या डोक्याची काळजी घेत होतं, आमचे वस्ताद नवीन पोराला टाकायचे तेव्हा अगदी असंच. मी उठलो, तो म्हणाला "नोखमाल". नोखमाल म्हणजे परत.

त्या क्षणी माझं ठरलं. हेच बघायचं. जुना माणूस नवीन माणसाला सांभाळून पण खरं टाकतो का. दोन्ही पाहिजे. नुसतं सांभाळलं तर ती नुरा कुस्ती, नुसतं टाकलं तर दुसऱ्या आठवड्यात तुमचा खांदा गेला. पडायला आधी शिकवतात का, तुमच्या वजनाचा नाही तर तुमच्यापेक्षा समजूतदार जोड तुम्हाला देतात का, तासाच्या शेवटी तरी समोरचा खरा विरोध करतो का. आणि ट्रेनिंग संपल्यावर गादी कोण पुसतं तेही बघा. आमच्याकडं शाळेचाच हॉल असल्यामुळं आधी गाद्या मांडाव्या लागतात आणि नंतर जंतुनाशकाने पुसून परत लावाव्या लागतात, त्यात लीगमध्ये खेळणारे पैलवानही वाकलेले असतात. जिथं गाद्या पुसत नाहीत तिथं जाऊ नका, कातडीचे रोग फार चिवट असतात. शाळेला सुट्ट्या लागल्या की हॉल बंद असतो, ते गृहीत धरा.

ब्राऊन बेल्टचं पण विचारता ना सारखं, तर बेल्ट बॅगेत ठेवा आणि पोराला पांढरा बांधून न्या. त्याला काय येतं ते दहा मिनिटांत सगळ्यांना दिसतं, पट्टा ते ठरवतील. खाशाबा जाधव 1948 ला लंडनला ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना गादीची सवय नव्हती, सगळं आयुष्य मातीत खेळलेले, तरी सहावे आले. मग गादी शिकून घेतली आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. नवीन जागी नवीन माणूस म्हणून उभं राहायला त्यांना कमीपणा वाटला नाही तर आपल्या पोरांना का वाटावा?

खाशाबांचं त्या साठीच्या माणसाला पण सांगितलं होतं मी. ट्रेनिंगनंतर बाकावर बसून बूट सोडताना त्याने विचारलं, तुमच्याकडं कुस्ती असते का. मी त्यांच्या गोळेश्वर गावापासून सुरू केलं, म्हटलं हेलसिंकीत त्यांनी कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि तुमचा जर्मनीचा पैलवान हरवला, मग सोव्हिएत युनियनच्या आणि जपानच्या पैलवानाकडून हरले, आणि तो जपानचा इशिई पुढं गोल्ड घेऊन गेला. तो काही बोलला नाही. गुरुवारी आला तो कागद घेऊनच, त्यावर फर्डिनांड श्मिट्झ असं नाव लिहिलेलं, खाशाबांनी हरवलेला तो जर्मन. त्याने ते शोधून आणलं होतं. मग माझ्याकडून जाधव हा उच्चार घटवून घेतला, य लावून याधव म्हणत होता, बरोबर येईपर्यंत सोडलं नाही. तेव्हापासून त्याला मी वस्तादच म्हणतो, त्याचा अर्थही त्याला सांगितलाय.

मुलीच्या आईबाबांसाठी वेगळं लिहितो कारण ते विचारायला बिचकतात. आमच्या वेळी तालमीत मुलगी यायचा प्रश्नच नव्हता. माझी मुलगी सात वर्षांची असताना इथं जायला लागली, मुलं-मुली एकत्र, पहिले तीन महिने नुसत्या कोलांट्या, खेकड्यासारखं चालणं आणि पडणं. कुणी तिला पाहुण्यासारखं वागवलं नाही आणि कुणी तिच्यावर हसलं नाही. हॉलच्या भिंतीवर आलिने रोटर-फोकेनचा फोटो आहे, टोकियोला 2021 मध्ये 76 किलोत गोल्ड, कुस्तीत ऑलिंपिक गोल्ड मिळवणारी पहिली जर्मन बाई. लेक आता अकराची झालीये, भारंदाज हा डाव मी तिला मराठीतच शिकवलाय आणि तिच्या ग्रुपमधली दोन जर्मन पोरं पण त्याला भारंदाजच म्हणतात.

तुमच्या गावाचं नाव आणि पोराचं वय पाठवा, जवळपासचा क्लब शोधायला मदत करतो, पहिल्या दिवशी सोबत पाहिजे असेल आणि गाव तासाभराच्या अंतरात असेल तर येतो पण. फक्त मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहा ते नऊ फोन करू नका, तेव्हा आम्ही बापलेक दोघं गादीवर असतो.